कॅक्टसची प्रजाती कशी ओळखावी: भिंगापासून डीएनएपर्यंत

सांगली-सोलापूरकडच्या मळ्यांत खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट आणि पुण्या-मुंबईच्या गॅलरीत रात्री उमलणारं 'ब्रह्मकमळ' हे दोन्ही कॅक्टसच. एवढंच नव्हे, दोघं एकाच उपगटातले, जवळचे नातेवाईक आहेत. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. आपल्याकडच्या कुंडीतलं झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं एपिफायलम ऑक्सिपेटॅलम.) ड्रॅगन फ्रूटचं शास्त्रीय नाव अनेकांना हायलोसेरिअस अंडेटस म्हणून पाठ असतं. 2017 पासून ते सेलेनिसेरिअस अंडेटस झालं. नर्सरीच्या पाटीवर एक नाव आणि नव्या यादीत दुसरं, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि बऱ्याचदा 'शास्त्रज्ञ उगाच नावं बदलतात' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. तसं ते नाही. ही नावं कशाच्या आधारावर बदलतात ते समजून घेता येतं आणि त्यातलं बरंचसं घरी बसून तपासताही येतं.

आधी दोन शब्द नक्की करू. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा तिच्यातला लहान गट. सेलेनिसेरिअस ही प्रजाती, सेलेनिसेरिअस अंडेटस ही तिच्यातली एक जाती. आज प्रजाती म्हणजे नुसत्या सारख्या दिसणाऱ्या झाडांचा गठ्ठा मानत नाहीत. एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज एकत्र आले पाहिजेत. मधलाच एखादा वंशज बाहेर ठेवला, किंवा परका आत घेतला, तर ती प्रजाती टिकत नाही. पुढचं सगळं याच अटीवर उभं आहे.

पहिलं काम: हातातलं झाड कॅक्टस आहे का

आपल्याकडे काटेरी आणि मांसल काहीही दिसलं की 'निवडुंग' म्हणतात. पण कुंपणाचा तीनधारी निवडुंग आणि शेर हे युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे. फरक ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कॅक्टसचे काटे थेट सालीतून निघत नाहीत. ते एका छोट्या लवदार ठिपक्यातून, एरिओलमधून निघतात. एरिओल ही खुंटलेली फांदीच असते, आणि काटे, लव, फुलं, नव्या फांद्या, सगळं तिच्यातूनच येतं. युफोर्बियाला एरिओल नसतो.

दुधाची खूण पुष्कळ जण सांगतात: चीक निघाला तर युफोर्बिया. ही खूण अर्धवट आहे, कारण मॅमिलेरिया या कॅक्टसच्याच प्रजातीतल्या काही जातींतूनही पांढरा चीक निघतो. शिवाय युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून खोडाला चिरा पाडून पाहू नका. एरिओल शोधा.

ब्रह्मकमळाच्या बाबतीत इथेच नवशिके अडखळतात, कारण काटे कुठे दिसत नाहीत आणि 'पानं' दिसतात. ती पानं नव्हेत, चपटी खोडं आहेत. त्यांच्या कडेला जिथे खाच असते तिथे भिंग लावा. खाचेच्या तळाशी बारीक तपकिरी ठिपका दिसेल. तो एरिओल. कळी नेमकी तिथूनच येते. बियांपासून रोपं केलीत तर कोवळ्या रोपांवर बारीक काटेसुद्धा दिसतात, मोठेपणी ते दिसेनासे होतात.

एक गोष्ट नातं समजून घेताना उपयोगी पडते. कॅक्टसचे जवळचे आप्त युफोर्बियात शोधायचे नाहीत, ते आपल्या भाजीत आहेत. घोळाची भाजी आणि कुंडीतलं ऑफिस टाइमचं फूल ज्या कुळात येतात, ते कुळ कॅक्टसच्या अगदी शेजारचं. बीटही थोड्या लांबच्या नात्याने याच गणात येतं. लाल गराचं ड्रॅगन फ्रूट कापताना हात बीटासारखे रंगतात, त्याचं कारण दोघांतलं रंगद्रव्य एकाच प्रकारचं आहे: बीटालेन.

खोडाचा आकार टिपा, पण त्यावर निकाल देऊ नका

वहीत झाडाचं वर्णन लिहायला सुरुवात करा. खोड गोल की खांबासारखं, कंगोरे किती, कंगोऱ्यांऐवजी सुटे उंचवटे आहेत का, काटे किती आणि आकडीसारखे वळलेले आहेत का. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा.

हे सगळं लिहा, मात्र लगेच प्रजाती ठरवायला जाऊ नका. सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या झाडांना सारखा आकार वेगवेगळ्या वाटांनी मिळतो, आणि कॅक्टसमध्ये हे इतक्यांदा घडलं आहे की निव्वळ खोडावर भिस्त ठेवणारा हमखास फसतो. नर्सरीत 'फिशबोन कॅक्टस' म्हणून मिळणारी झाडं घ्या. माशाच्या काट्यासारखी दोन्ही बाजूंनी खोल कातरलेली चपटी हिरवी खोडं. या एका नावाखाली तीन निरनिराळ्या जाती विकल्या जातात: डिसोकॅक्टस अँग्युलिजर, सेलेनिसेरिअस अँथोनिअॅनस आणि सेलेनिसेरिअस क्रिसोकार्डिअम. फूल नसताना त्या शेजारी ठेवल्या तर अनुभवी माणूसही थबकतो. अँग्युलिजर तर अगदी परवापर्यंत एपिफायलममध्ये गणला जायचा. फूल आलं की गोष्ट बदलते. अँथोनिअॅनसच्या बाहेरच्या पाकळ्या जांभळट-लाल असतात. अँग्युलिजरचं फूल आतून पांढरं आणि बाहेरून पिवळसर सोनेरी असतं. क्रिसोकार्डिअमच्या पांढऱ्या फुलात सोनेरी पुंकेसरांचा झुपका दिसतो.

जंगलात दुसऱ्या झाडांवर वाढणाऱ्या कॅक्टसला कमी उजेडात तग धरायचा असतो. तिथे चपटं खोड उपयोगाचं, म्हणून ते पुन्हा पुन्हा तयार झालं. सारखेपणा खरा आहे, पण तो राहणीतून आला आहे. एकच वारसा असल्याचा तो पुरावा होत नाही.

फूल उभं चिरा

मला विचाराल तर नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ड्रॅगन फ्रूट आणि ब्रह्मकमळ दोन्ही रात्री फुलतात, दोन्हींची फुलं मोठी, पांढरी आणि सुगंधी. रात्रीच्या पतंगांना आणि वटवाघळांना बोलावणाऱ्या फुलांचा हा नेहमीचा पेहराव आहे, त्यामुळे पांढरा रंग आणि आकारमान यांवरून फार काही कळत नाही. जास्त माहिती फुलाच्या खालच्या भागात असते.

सकाळी मिटलेलं फूल देठापासून काढा आणि नव्या ब्लेडने वरपासून खालपर्यंत सरळ दोन भाग करा. तळाशी बीजांडांनी भरलेली पोकळी दिसेल. तिच्याभोवती जो हिरवा जाड थर दिसतो, तो फुलाचा नाही, खोडाचा आहे. कॅक्टसचं अंडाशय खोडाच्या ऊतीत बुडालेलं असतं. या थराला पेरिकार्पेल म्हणतात. खोडाचाच भाग असल्यामुळे त्यावर खवले येतात, एरिओल येतात, काही जातींत काटे आणि लवही येते. हा थर कसा सजला आहे, ही कॅक्टसच्या प्रजाती ओळखण्याची फार जुनी आणि उपयुक्त खूण आहे.

आता दोन्ही फुलं शेजारी ठेवा. ब्रह्मकमळाची नळी लांब, बारीक, वाकलेली असते आणि तिच्यावर अरुंद खवले दूरदूर विखुरलेले असतात. ड्रॅगन फ्रूटची नळी जाडजूड, तिच्यावर पानांसारखे रुंद हिरवे खवले एकावर एक बसलेले. फळ पिकल्यावर त्याच्या सालीवर जे हिरवे 'कान' राहतात ते हेच खवले. बाजारातून आणलेल्या फळावरही ते पाहता येतात, फुलासाठी थांबावं लागत नाही.

आता पिवळं ड्रॅगन फ्रूट मिळालं तर हाताळून बघा. त्याच्या सालीवर काट्यांचे झुपके असतात, विकण्याआधी ते झाडून टाकतात. पण काट्यांच्या जागच्या खुणा राहतात. ही जाती मेगॅलँथस. हायलोसेरिअसची फळं बिनकाट्याची आणि सेलेनिसेरिअसची काटेरी, ही जुनी वाटणी होती. मेगॅलँथसचं खोड ड्रॅगन फ्रूटसारखं तीनधारी आणि फळ मात्र काटेरी. त्यामुळे 1953 मध्ये ती सेलेनिसेरिअसमध्ये गेली आणि 2003 मध्ये हायलोसेरिअसमध्ये. दोन प्रजातींच्या मधल्या कुंपणावर एखादी जाती सतत इकडून तिकडे जात असेल, तर त्या कुंपणाबद्दलच शंका घ्यायला हवी. इथे ती शंका खरी ठरली.

फळ आणि बी

फळ सुकून फुटतं की गरदार राहतं, फुटत असेल तर कुठून, हे लिहून ठेवा. बिया धुऊन कागदावर वाळवा. दहापट भिंगातून बीचा आकार आणि देठाची खूण दिसते, सालीवरची बारीक नक्षी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. फड्या निवडुंगाच्या उपकुळात बीभोवती हाडासारखं कठीण आवरण असतं, आणि एरिओलमध्ये बारीक उलट्या दातांची कुसळं असतात. ही जोडी दिसली की दुसरं उपकुळ शोधायची गरज उरत नाही.

आधीच्या लोकांनी कशाला महत्त्व दिलं ते पाहा

लिनेअसने 1753 मध्ये त्याला ठाऊक असलेले सगळे कॅक्टस एकाच प्रजातीत ठेवले होते. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी जोडीने 1919 ते 1923 दरम्यान 124 प्रजाती मांडल्या. जर्मनीच्या बॅकेबर्ग यांनी 1958 ते 1962 या काळात त्या 233 वर नेल्या. झाडं तीच, पण फुलाच्या नळीवर लव आहे की नाही यासारख्या एकेका खुणेला प्रजातीचं वजन दिलं की संख्या फुगत जाते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या यादीत, डीएनएचे निष्कर्ष जमेस धरून, 150 प्रजाती आणि 1851 जाती मान्य केल्या आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव दिसलं की ते कोणत्या काळातलं आहे हे आधी पाहावं.

डीएनए: प्रयोगशाळा नसली तरी सुरुवात करता येते

स्वतः डीएनए काढायचा असेल तर कॅक्टस हे अवघड गिऱ्हाईक आहे. खोडात बुळबुळीत श्लेष्म भरपूर असतो आणि तो डीएनएला चिकटून बसतो. म्हणून जाड हिरवा गर टाळून पाकळी, कोवळी मुळं किंवा नुसती वरची साल घेतात, सिलिका जेलमध्ये लगेच वाळवतात आणि सीटॅब नावाच्या रसायनाची पद्धत वापरतात. हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतलं काम आहे. परदेशी नमुना पाठवण्याचा विचार असेल तर आधी परवानग्यांची चौकशी करा, कारण जवळपास सगळं कॅक्टस कुळ 'साइट्स' या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं.

पण हजारो अनुक्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी, जेनबँक या सार्वजनिक साठ्यात मोफत उपलब्ध आहेत. लॅपटॉप आणि मेगा नावाचं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर पहिला वंशवृक्ष काढता येतो. असं करा:

1. हरितलवकातला मॅट-के हा जनुक निवडा. सुमारे दीड हजार अक्षरांचा असतो, आणि कॅक्टसवर त्याचं भरपूर काम झालं आहे.
2. सेलेनिसेरिअस, हायलोसेरिअस, एपिफायलम आणि डिसोकॅक्टस या नावांनी शोधा. जुनं आणि नवं, दोन्ही नावं टाका. ज्या नोंदीत हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्याचा क्रमांक दिला आहे तीच घ्या. नमुना नसेल तर झाड चुकीचं ओळखलं होतं का हे कधीच तपासता येत नाही.
3. बाह्यगट म्हणून जवळचा पण बाहेरचा एखादा कॅक्टस घ्या, उदाहरणार्थ एकिनोसेरिअस. त्याच्याशिवाय वंशवृक्षाचं मूळ कुठे हे ठरत नाही.
4. अनुक्रम एकाखाली एक जुळवा आणि जुळणी डोळ्यांनी तपासा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका इथेच घाईने घोटाळा होतो. एखादा अनुक्रम उलटा नोंदवलेला असेल तर तो सगळ्या वंशवृक्षाची वाट लावतो.
5. मॅक्सिमम लाइकलिहूड पद्धतीने, म्हणजे हातातले अनुक्रम ज्यातून निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असा, वंशवृक्ष काढा आणि बूटस्ट्रॅप चालवा.

बूटस्ट्रॅप म्हणजे अक्षरांचे स्तंभ पुन्हा पुन्हा सोडत काढून निवडायचे, दर वेळी वंशवृक्ष काढायचा आणि एखादी फांदी किती वेळा टिकते ते मोजायचं. 70 टक्क्यांखालच्या फांदीवर मी तरी कोणताही निष्कर्ष बांधणार नाही. नुसत्या मॅट-केवर जवळच्या जाती बऱ्याचदा सुट्या होत नाहीत, फांद्या सपाट पंख्यासारख्या पसरतात. तेव्हा आरपीएल-16 सारखे डीएनएचे आणखी तुकडे जोडावे लागतात.

वंशवृक्ष वाचताना काय बघायचं

ड्रॅगन फ्रूटच्या उपगटाचं सविस्तर डीएनए काम 2017 मध्ये कोरोत्कोवा, बोर्श आणि आरियास यांनी प्रसिद्ध केलं. त्यात हायलोसेरिअसच्या जाती सेलेनिसेरिअसच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत, त्या सेलेनिसेरिअसच्या आत उगवल्या. म्हणजे काही सेलेनिसेरिअस आपल्याच प्रजातीतल्या इतर जातींपेक्षा ड्रॅगन फ्रूटला जवळचे निघाले. सुरुवातीची अट आठवा: पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. हायलोसेरिअस वेगळं ठेवलं तर उरलेलं सेलेनिसेरिअस ती अट मोडतं. मग रस्ते दोनच होते. सेलेनिसेरिअसचे तुकडे करून अनेक छोट्या प्रजाती काढायच्या, नाहीतर दोन्ही एक करायच्या. त्यांनी एक केल्या. मला हा निर्णय पटतो, कारण तुकडे केले असते तर त्यातल्या बऱ्याच तुकड्यांना साध्या डोळ्यांनी दिसेल अशी खूण सांगता आली नसती. मेगॅलँथसचा प्रश्नही यात सुटला. तिच्या पेशींत 44 गुणसूत्रं असतात, ड्रॅगन फ्रूटच्या इतर प्रचलित जातींत 22, तरी त्यांचा संकर जमतो, हे संकरावर काम करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

एक लक्षात घ्या: दोन्ही रस्ते डीएनएशी सुसंगत होते. वंशवृक्ष नातं दाखवतो, पण प्रजातीची रेघ त्याच्या कोणत्या फांदीपाशी मारायची हा माणसांचा निर्णय असतो. म्हणून दोन जाणकारांच्या याद्या वेगळ्या असू शकतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

डीएनए कुठे फसवतो

नर्सरीतला 'मून कॅक्टस' सगळ्यांनी पाहिलेला असतो. हिरव्या तीनधारी दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा. वरचा गोळा जिम्नोकॅलिशिअम या कॅक्टस प्रजातीचा आहे, त्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तो दुसऱ्या झाडावर कलम केलेला असतो. खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटचा. नमुना खालून घेतलात तर डीएनए अचूक येईल आणि उत्तर सपशेल चुकेल. कलमी झाडाचा नमुना नेहमी जोडाच्या वरून घ्या आणि तसं वहीत लिहा.

संकर ही दुसरी अडचण. मोठ्या लाल-गुलाबी फुलांचे 'ऑर्किड कॅक्टस' हे बहुतेक डिसोकॅक्टस आणि त्याच्या आप्तांचे संकर असतात. हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडून येतं, तेव्हा हरितलवकाचा डीएनए फक्त आईचं घराणं सांगतो. वडील शोधायचे तर केंद्रकातला जनुक लागतो. तिथे आयटीएस हा तुकडा लोकप्रिय आहे, पण मॅमिलेरियात त्याच्या आपसांत न जुळणाऱ्या प्रती एकाच झाडात सापडल्या आहेत, त्यामुळे तो डोळे मिटून वापरू नये.

तिसरी अडचण जरा खोल आहे. अॅरिझोनातला सग्वारो आणि त्याचे खांबासारखे नातेवाईक यांच्या पूर्ण जनुकसंचांचा अभ्यास 2017 मध्ये झाला. त्यात वेगवेगळ्या जनुकांनी वेगवेगळे वंशवृक्ष दाखवले. पूर्वजात एका जनुकाची दोन रूपं असतील आणि जाती भराभर वेगळ्या झाल्या, तर कोणतं रूप कोणाच्या वाट्याला जाईल हे नात्याच्या क्रमाने ठरत नाही. एका जनुकावरून प्रजाती मोडू नये, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

पुन्हा झाडाकडे जा

वंशवृक्ष हातात आला की काम संपत नाही. त्याने दाखवलेल्या फांद्यांना शरीरावरची खूण सापडते का, हे शोधायचं असतं. पेरेस्किया हे याचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. खरी पानं असलेले, झुडपासारखे हे कॅक्टस. सगळे कॅक्टस कधीकाळी असेच असावेत असं मानून त्यांना एकाच प्रजातीत ठेवलं होतं. 2005 मध्ये एडवर्ड्स, नायफेलर आणि डॉनह्यू यांच्या डीएनए अभ्यासात पेरेस्किया दोन वेगळ्या गटांत फुटली, आणि त्यातला एक गट इतर सगळ्या कॅक्टसना जास्त जवळचा निघाला. मग खोडाची साल पाहिली. कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेकडच्या गटात खोडावर श्वसनरंध्रं नाहीत आणि साल लवकर खरबरीत होते. दक्षिण अमेरिकेच्या गटात रंध्रं आहेत आणि खोड जास्त काळ हिरवं राहतं. हिरव्या खोडातून श्वास घेणं, म्हणजे पुढे कॅक्टस ज्या रीतीने जगले तिची पहिली पायरी, या गटात आधीच दिसते. 2013 मध्ये पहिल्या गटाला लॉइनबर्गेरिया हे वेगळं नाव मिळालं. आपल्या बागांतून लावतात तो नारिंगी, गुलाबासारख्या फुलांचा 'ब्लिओ' याच प्रजातीत गेला. तुमच्याकडे असेल तर त्याच्या कोवळ्या फांदीवर किती लवकर साल चढते ते भिंगाने बघा.

पाटी कशी लिहावी

नाव लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत तपासा. पाटीवर आजचं नाव लिहा आणि खाली जुनं नावही: 'सेलेनिसेरिअस अंडेटस, पूर्वी हायलोसेरिअस अंडेटस'. प्रजाती बदलली तरी 'अंडेटस' टिकलं, ते हॉवर्थ यांनी 1830 मध्ये या झाडाला सेरिअस अंडेटस म्हटलं तेव्हापासूनचं. म्हणून शोध घेताना जातीचं नाव धरून शोधलं तर सगळी जुनी माहिती हाती लागते. पाटीच्या मागे झाड कुठून आणलं, कलमी आहे का, फूल कोणत्या महिन्यात आलं ते लिहा. फूल अजून पाहिलं नसेल आणि झाड चपट्या खोडाचं असेल, तर प्रजातीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि कळी येईपर्यंत ते खोडू नका.